मेलबर्नचं रद्द तिकीट

१

ज्या गाडीतून जमनाबाई ऑस्ट्रेलियाला जायला निघाली होती, तीच गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी तिला घेऊन लोणखेड्यात परत आली.

शेजारची रंजनाबाई तेव्हा ओट्यावर मिरच्यांची देठं खुडत बसली होती. तिला आधी वाटलं, गोपाल आईला अहमदाबादच्या विमानतळावर सोडून एकटाच आला. मग गाडीचं मागचं दार उघडलं आणि जमनाबाई खाली उतरली. अंगावर तीच नवी अंजिरी साडी, पायांत मुलीनं पाठवलेले पांढरे बूट. काल सगळ्या गल्लीनं तिला ओवाळून निरोप दिला होता. आज ती कोणाकडं न बघता घरात गेली. गोपालनं डिकीतून दोन्ही बॅगा काढून ओसरीवर आणून ठेवल्या.

"काय व्हयनं रे?" रंजनाबाईनं विचारलं.

"तिकीटच नही, मावशी. काउंटरवरली पोर म्हने, हाई तिकीट तर रद्द करेल शे. मी म्हणनू, कोनी करं? तर म्हने, तुम्हनाच खात्यातून व्हयेल शे."

"आनि माय?"

"काहीच बोलनी नही. येताना विसरवाडीला चहाले थांबनू, तर गाडीतून उतरनीबी नही."

जमनाबाईची लेक सीमा मेलबर्नला होती. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी तिला दिवस गेले होते. बाळंतपण एप्रिलच्या शेवटी, म्हणून आई महिनाभर आधी निघाली होती. बॅगांमध्ये डिंकाचे लाडू होते, शेपा-ओवा होता, झबली-टोपडी होती.

रंजनाबाईनं सगळी नोकरी पोलिसात काढली होती. हवालदार म्हणून निवृत्त झाली, तरी गल्ली तिला अजून जमादारीणबाईच म्हणे. तिला मूलबाळ नव्हतं. सीमा तिच्याच ओसरीवर अभ्यास करून मोठी झाली होती. त्यामुळं हे प्रकरण तिला परक्याचं वाटायचं कारणच नव्हतं.

"माले माहीत शे कोनी करं ते," गोपाल म्हणाला. "तिकीट कोनी काढं? ईश्वरनी. खातं कोनी उघडं? ईश्वरनी. आनि होळीपासून त्यानं दुकान बंद शे. पोरं जमाडी ऱ्हायनू मी. आज त्याले सोडाव नही."

"उद्या सांजपर्यंत थांब," रंजनाबाई म्हणाली. "माले पाहू दे. आनि तोवर त्या पोरले हात लावा ना, गोपाल, तर मी तुन्हाविरुद्ध साक्ष देसू."

गोपालनं मान हलवली. पण त्याची माणसं तोवर ईश्वरच्या दुकानाकडं निघूनही गेली होती.

२

ईश्वर पावरा हा सातपुड्यातल्या काठी गावाकडचा मुलगा. शिकायला लोणखेड्याच्या कॉलेजात आला आणि शिक्षण संपल्यावर तिथंच कॉलेजच्या रस्त्याला त्यानं ऑनलाइन सेंटर टाकलं. जमनाबाईचं तिकीट शोधायला रंजनाबाई तिच्यासोबत त्याच्याकडं जात असे. जानेवारीतले ते दिवस तिला स्वच्छ आठवत होते.

ईश्वरनं संगणकावर एक कॅलेंडर उघडलं होतं. प्रत्येक तारखेखाली भाडं. स्वस्त दिवस हिरवे, महाग दिवस लाल. मुंबईहून निघालं तर महाग, अहमदाबादहून कमी. शनिवार-रविवारी जास्त, आठवड्याच्या मधल्या वारी कमी. थेट जाण्यापेक्षा क्वालालंपूरला उतरून थांबलं तर आणखी कमी. "आजी, घाई नको," तो म्हणाला होता. "मी इथं घंटी लावून ठेवतो. भाडं उतरलं की आपोआप मेल येईल."

जमनाबाईला ते लगेच पटलं. तिच्या घरात रोज केळीचा भाव बघायची सवय होती. ती रोज चालत दुकानात जायची आणि विचारायची, "आज उतरनं का?" एक दिवस खरंच उतरलं. गोपालच्या कार्डावरून तिकीट निघालं. संध्याकाळी जमनाबाईनं गल्लीत पेढे वाटले.

त्या वेळी ईश्वरनं जमनाबाईच्या नावानं ईमेलचं एक खातं उघडलं होतं. तेच तिच्या फोनवर बसवलं, आणि सीमालाही तिकीट दिसावं म्हणून तिकडं सीमाच्या फोनवरही. नंतर घरातल्या कोणी त्या मेलमध्ये डोकावलं नव्हतं. जमनाबाईला फोन उचलणं आणि व्हिडिओवर लेकीला बघणं, एवढंच येत होतं.

आता रंजनाबाई जमनाबाईच्या स्वयंपाकघरात तोच फोन घेऊन बसली. चष्मा लावून तिनं जाहिरातींच्या ढिगातून हवा तो मेल शोधून काढला. होळीच्या दिवशी दुपारी तिकीट रद्द झालं होतं. रद्द करणाऱ्याची खात्री करायला याच ईमेलवर एक कोड आला होता आणि तो बरोबर भरला गेला होता. म्हणजे चोरी बाहेरच्याची नव्हती. हे खातं ज्याच्या हातात होतं, त्यानंच हे केलं होतं.

त्याखाली आणखी एक ओळ होती. तिकीट रद्द करण्याचं कारण कंपनी विचारते. समोर पर्याय येतात, त्यांतला एक निवडायचा. बेत बदलला, आजारपण, व्हिसा मिळाला नाही, असे. रंजनाबाईनं ती इंग्रजी ओळ सावकाश वाचली.

कारण होतं : कुटुंबातील व्यक्तीचा मृत्यू.

३

"कोन मरनं आपला घरमा?" गोपाल भडकला. "पाहा मावशी, खोटं मरण दाखाडीसन पैसा सोडावना त्यानी. असं कारण दिधं का पुरं भाडं परत मियस."

"कोनाले मियस?"

"म्हंजे?"

"पैसा कोनाकडे येथीन?"

गोपालनं फोन हातात घेऊन बघितलं. मेलमध्ये तेही लिहिलेलं होतं. ज्या कार्डावरून भाडं दिलं, त्याच कार्डावर ते परत येणार होतं. कार्ड गोपालचं होतं.

"तू मन्हावर संशय घी ऱ्हायनी का मावशी?"

"मी सगळासवर घी ऱ्हायनी," ती शांतपणे म्हणाली. "खरं सांग. माय जावाले नको व्हती ना तुले?"

गोपालनं खुर्ची ओढली आणि बसला. "नकोच व्हती," तो म्हणाला. "सीमा गयी, मंग बा गया. आते मायबी सहा महिना तिकडे. तिले तठलं आवडनं आनि ती परत उनीच नही तर? पण मी रद्द करतू, मावशी, तर अहमदाबादपर्यंत गाडी कसाले लयी जातू? तिले तठे, सगळा लोकसमा, असं उभं करतू का मी?"

रंजनाबाईला ते पटलं. आई काउंटरवर उभी होती ते आठवलं की त्याचा आवाज फाटत होता. ते नाटक नव्हतं.

मग तिनं त्याच्या बायकोला, आशाला, मागच्या अंगणात गाठलं. सासूचा फोन बहुतेक वेळ आशाच्याच हातात असायचा. आशा भांडी घासता घासता म्हणाली, "माले सगळा विचारतीन, माहीत व्हतं. फोन मन्हाकडेच ऱ्हास. आत्याबाई गयात तर घर, वावर, पोरं, सगळं मन्हावर. नको जावोत, असं दहादा मनमा उनं. पण ते कारण मी लिहसू का, मावशी? घरमा मन्हा लेकरं शेतस. आत्याबाई शेतस. जित्ता मानसंस्ना घरमा मरण लिहाले मन्हा हात उठी का?"

ते वाक्य रंजनाबाईच्या मनात रुतून बसलं. पर्याय कितीतरी होते. आजारपण लिहिता आलं असतं, बेत बदलला म्हणता आलं असतं. मग मरणच का?

तेवढ्यात ओसरीवर फोन वाजला. सीमाचा होता, गोपालनं विमानतळावरूनच तिला कळवलं होतं. आता तिला आईशी बोलायचं होतं, पण जमनाबाई भिंतीकडं तोंड करून पडली होती. फोन रंजनाबाईनं घेतला. सीमाचा चेहरा दिसत नव्हता, नुसता आवाज. तिचा कॅमेरा बिघडलाय, असं गेले काही दिवस सगळेच ऐकत होते.

"मावशी, आईनं बीपी पाहं का? गोळी लिधी का तिनी?"

"लिधी. तू काळजी नको करू. तू तुन्हा जीवले जप. दुसरं तिकीट पाहतस आम्ही."

"नको," सीमा घाईनं म्हणाली. मग सावकाश, "आते असू दे, मावशी. तिले दगदग नको."

फोन बंद झाला. रंजनाबाई तो हातात धरून तशीच उभी राहिली. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, पण काय ते तिला सापडेना.

४

ईश्वर दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या जीपनं डोंगरातून खाली आला. रंजनाबाईनंच त्याला निरोप धाडला होता. काठीच्या होळीसाठी त्यानं नवस धरला होता. नवसाच्या नाचासाठी अंगावर काढलेले पांढरे ठिपके अजून कानामागं पुरते धुतले गेले नव्हते.

दुकानापाशी पोचला आणि तो थबकला. शटरवर कोणीतरी लाल रंगानं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं : चोर. समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघू लागली. ईश्वरनं तो शब्द वाचला, खिशातून किल्ली काढली आणि शटर वर केलं. शब्द गुंडाळला गेला.

"बसा, मावशी," तो म्हणाला. त्यानं खुर्ची पुढं ओढली.

"होळीच्या दिवशी दुपारी तू कुठं होतास?"

"काठीत. कमरेला घुंगरं बांधून नाचत होतो. हजारो लोकांनी पाहिलंय. पण तुम्ही म्हणाल, फोन सगळीकडं चालतो. चालतो." त्यानं किल्ली टेबलावर ठेवली. "आजी निघायच्या आधी मी एकदा तिकीट तपासायला हवं होतं. नवसाच्या दिवसांत फोन बाजूला ठेवला होता. तेवढी चूक माझी आहे. रद्द मी केलं नाही."

"माहीत आहे मला," रंजनाबाई म्हणाली. "पैसे गोपालच्या कार्डावर जाणार. तुला एक पैसा मिळाला नसता, आणि ते तुझ्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत होतं?"

ईश्वरनं तोंड फिरवलं आणि बाहीनं डोळे पुसले. मग संगणक सुरू करून त्यानं जमनाबाईचं ते खातं उघडलं. भाड्याच्या घंटीचे मेल एका बाजूला जमा झाले होते.

"आजीचं तिकीट निघाल्यावर मी आपली घंटी बंद केली होती," तो म्हणाला. "मग हे मेल कशाचे?"

रंजनाबाई पुढं झुकली. उलट्या वाटेची घंटी होती. मेलबर्नहून अहमदाबाद, दिवाळीच्या सुमारास. प्रवासी : दोन मोठी माणसं आणि एक तान्हं बाळ. सीमानं आपल्या फोनवरून लावलेली असणार. दिवाळीला बाळ घेऊन येऊ, असं ती म्हणत होतीच. दर आठवड्याला भाड्याचा एक मेल येत होता.

होळीच्या आसपास ते मेल थांबले होते आणि नवे सुरू झाले होते. मेलबर्नहून अहमदाबाद. जाण्याचं तेवढंच, परतीचं नाही. तारीख : कोणतीही. प्रवासी : एक मोठं माणूस.

"एकटीच?" ईश्वर म्हणाला. "जावईबुवांशी काही बिनसलं असेल का?"

रंजनाबाईलाही आधी तेच वाटलं. पोलिसात असताना तिनं अशा कितीतरी मुली पाहिल्या होत्या. रुसून, मार खाऊन, एका पिशवीनिशी माहेरी निघालेल्या. पण मग तिला दुसरं काही आठवलं. सीमानं बाळंतपणाला माहेरीच यावं म्हणून जमनाबाईनं केवढा हट्ट धरला होता. तेव्हा सीमानं याच दुकानात, याच पडद्यावरून समजावून सांगितलं होतं की महिने भरत आले की विमानवाले बाईला घेत नाहीत.

आज तिचे महिने भरत आले होते. मग ती एकटी कशी निघणार होती? आणि बाळ झाल्यावर निघणार असेल, तर बाळ कुठं होतं?

रंजनाबाईनं टेबलाची कड धरली.

"मावशी, पाणी देऊ?"

"शटर खाली ओढ," ती म्हणाली. "आणि मला सीमाला फोन लावून दे."

५

सीमानं फोन उचलला. पलीकडं टीव्ही नाही, बोलणं नाही, काहीच आवाज नव्हता.

"सीमा, मी रंजनामावशी. एकटीच शे मी," रंजनाबाई म्हणाली. ईश्वर मागच्या दारानं बाहेर जाऊन उभा राहिला होता. "आईनं तिकीट रद्द व्हयनं ते गोपालनी तुले सांगं. काल माले तू इचारं नही, कोनी करं."

पलीकडं खुर्ची सरकली.

"ती कधी येई, तू दिवस मोजी ऱ्हायंती. तुले राग उना नही. नवल वाटनं नही. तू फक्त म्हणनी, असू दे." रंजनाबाईनं आवाज जपून खाली ठेवला. "ते खातं चार जणसना हातमा व्हतं. आठे गावमा कोनीच मरण लिहतं नही, पोरी. ज्यानी लिहं, त्यानी खोटं लिहं नही. ते खरंच व्हतं."

श्वासाचा आवाज आला, आणि मग हुंदका नाही, नुसता एक खोल आवाज, पाण्यात काही बुडताना येतो तसा.

"पोरगी व्हयनी, मावशी," सीमा म्हणाली. "लवकरच व्हयनी. होळीना आधला हप्तामा. काचना पेटीमा ठेवेल व्हती. मी तिन्हा हातमा बोट दिधं, तर तिनी धरं. मंग सोडी दिधं."

रंजनाबाईनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आईले फोनवर कसं सांगू? आनि नही सांगं, ती तशीच उनी, तर दारमाच इचारती, कोठे शे पोर? मी काय दाखाडतू तिले? पाळणा? आनि वाटमा कोनाकडून कळतं, तर? एकटी, इमानमा, कोनाशी बोलता येत नही. तिनं बीपी." सीमाचे शब्द एकमेकांवर आदळत होते. "माले वाटनं, मेल येई, ईश्वर पाही, घरमाच समजी. मंग मी सांगसू. रोज सकाळी उठी म्हने, आज सांगसू. तोंडच उघडे नही. ती विमानतळपर्यंत जाई, असं माले वाटनं नही, मावशी. तिले तठे उभं ऱ्हावं लागनं, मन्हामुळे."

"आनि जावई?"

"कामवर जातस. येतस. जेवतस. आम्ही दोन्ही एकमेकसकडे पाहत नहीत. मी माहेरनं तिकीट पाहत ऱ्हास. स्वस्त दिसस, महाग दिसस. काढत नही. आठे तिले ठेवेल शे, ती एकटी पडी असं वाटस."

रंजनाबाईनं कितीतरी घरांत मरणाचे निरोप पोचवले होते. तेव्हा अंगावर खाकी असे आणि शब्द ठरलेले असत. आज तिच्याजवळ दोन्ही नव्हतं.

"मी सांगस तुन्हा मायले," ती म्हणाली. "तू फोनजवळ बस. कॅमेरा उघडी ठेव."

सीमाला ईश्वरच्या शटरबद्दल काहीच माहीत नव्हतं. रंजनाबाईनं ते तिला सांगितलं नाही.

६

गोपालला तिनं वावरात गाठून सांगितलं. तो केळीच्या खोडाला पाठ लावून खाली बसला आणि किती वेळ बसला ते त्यालाही कळलं नाही. उठला तो सरळ रंगाच्या दुकानात गेला, टर्पेंटाइन घेतलं आणि कॉलेजच्या रस्त्याला सगळ्यांदेखत ईश्वरचं शटर घासायला बसला. लाल रंग पुरता निघेना. फिकट गुलाबी डाग राहिलाच. ईश्वर बाहेर येऊन बघत उभा राहिला.

"मन्ही चूक व्हयनी," गोपाल मान वर न करता म्हणाला. "पोरसले मीच धाडं व्हतं."

ईश्वरनं त्याच्या हातातून टर्पेंटाइनची बाटली घेऊन बाजूला ठेवली. "उद्या पुन्हा घासू," तो म्हणाला. "आत या. तिकीट बघायचं ना?"

"हा. स्वस्त पाहू नको आते. लवकरनं पाह."

इकडं जमनाबाई बाजेवर उठून बसली होती. बॅगा ओसरीवरच होत्या. कोणी उघडल्या नव्हत्या. रंजनाबाई तिच्याशेजारी बसली. वाक्य कसं सुरू करायचं ते तिनं वाटेत ठरवलं होतं, पण त्यातला एकही शब्द आता आठवेना. म्हणून तिनं सरळ सांगितलं.

"सीमाले पोरगी व्हयनी, जमना. लवकर व्हयनी. ऱ्हायनी नही. तिकीट सीमानीच रद्द करं."

जमनाबाई तिच्याकडं बघत राहिली. आशा दारात होती, तिनं पदर तोंडात कोंबला.  जमनाबाईनं रंजनाबाईचा हात घट्ट धरला, इतका की बांगडी रुतली.

"एकटीनी सोसं का तिनी हाई सगळं?" तिनं विचारलं.

"हा."

"लाव तिले."

रंजनाबाईनं फोन लावला. या वेळी चेहरा दिसला. सीमाचे केस विंचरलेले नव्हते, गाल आत गेले होते. आईला बघताच तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "आई, मी तुले सांगं नही. आई, तू विमानतळवर..."

"ते जाऊ दे," जमनाबाई म्हणाली. "मी येस. गोपाल तिकीट काढी ऱ्हायना." ती फोन अगदी चेहऱ्याजवळ घेऊन बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज स्थिर होता. "नाव काय ठेवं व्हतं तू तिन्हं?"

सीमानं हात खाली घेतले. इतक्या दिवसांत हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. दवाखान्यातल्यांनी वजन विचारलं, तारीख विचारली, कागदावर सही घेतली. नवऱ्यानं ते नाव पुन्हा काढलं नव्हतं.

"तापी," ती म्हणाली. "आठे कोनालेच म्हणता येत नही, आई. नर्स टॅपी म्हने. शेवटपर्यंत तसंच म्हने."

जमनाबाईनं डोळे पुसले. मग, पाळण्यावर वाकून बारशाला म्हणतात तसं, सावकाश आणि नीट, ती म्हणाली,

"तापी."